वायफायला वडलांचं नाव

आमच्या जिल्ह्यात कुणी पंखा दान दिला तर पंख्याच्या पात्यावर नाव असतं. पाण्याची टाकी दिली तर टाकीवर, बाकडं दिलं तर बाकड्याच्या पाठीवर, देवळात फरशी बसवली तर बरोबर पायाखाली येईल अशा जागी. याबद्दल माझं कधी काही म्हणणं नव्हतं. पंखा वारा देतो ना, मग नाव कुणाचंही असो. पण एका दवाखान्यात वायफायची यादी उघडली आणि तिथं एकाखाली एक तीन कैलासवासी माणसं दिसली, तेव्हा माझं डोकं जे फिरलं ते अजून पुरतं जागेवर आलेलं नाही.

जालन्यात मस्तगडला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा, पतसंस्था, जिनिंग, दवाखाने, जिथं जिथं वायफायचे डबे लावलेत तिथं काही बिघडलं की मला बोलावणं येतं. बोलावणारा नेहमी एकच सांगतो, नेट स्लो झालंय, येऊन जा. नेट बहुतेक वेळा ठणठणीत असतं. कुणीतरी डब्यावर कपाट सरकवलेलं असतं, नाहीतर कुणाच्या तरी मेव्हण्यानं त्यात हात घातलेला असतो. पण या दवाखान्यातून फोन आला तो नेटच्या तक्रारीचा नव्हता आणि ट्रस्टकडूनही नव्हता. तो तिथल्या सिस्टरांचा होता.

"जय भीम, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि नंबर कुणी दिला ते सांगून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझा फोन खराब हाये का, येवढंच बघून सांगता का? खराब असंल तर खराब म्हणा. मी दुसरा घेते. पण बराबर काय ते सांगा."

दवाखाना तीर्थपुरीच्या बाजूच्या एका बाजारगावात आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. ट्रस्टचा दवाखाना, जुन्या जिनिंगच्या गोडाऊनमध्ये थाटलेला. भिंती हातभर जाडीच्या दगडी, वर पत्रा, त्यामुळे आत मोबाइलला रेंज म्हणून नाही. जे काय चालतं ते वायफायवर. दर गुरुवारी संभाजीनगरचे एक डॉक्टर व्हिडिओ कॉलवर शुगरच्या पेशंटांच्या पायाच्या जखमा बघतात. आधी पुढच्या खोलीत पेशंटशी बोलतात, रिपोर्ट बघतात, त्याला चार पावलं चालायला लावतात. मग सिस्टर फोन हातात धरून पेशंटबरोबर बोळीतून मागच्या ड्रेसिंगच्या खोलीत जातात, पट्टी सोडतात आणि कॅमेरा जखमेवर धरतात. नेमका या चालण्यातच कॉल तुटायचा. डॉक्टरांकडे आणखी चार गावांचे पेशंट ताटकळत असायचे. इकडून परत जोडेपर्यंत ते दुसऱ्या कॉलवर गेलेले असायचे. पेशंट पट्टी सोडून बसून राहायचा, आणि शेवटी तीच जखम तशीच बांधून एसटीनं गावाला जायचा.

या सगळ्याचा ठपका सिस्टरांवर. ट्रस्टच्या अध्यक्षांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणे, बोळीत उभं राहून सिस्टर लाल बटण दाबतात. कॉल त्याच कापतात. कामचुकारपणा, दुसरं काय. पुढच्या महिन्यापासून गुरुवारचं काम दुसऱ्या बाईला द्यायचं ठरलं होतं, आणि गुरुवारच्या कामावरच त्यांची नेमणूक होती. काम गेलं की सिस्टरही गेल्या. वर कपाळावर 'पेशंटचा कॉल कापणारी' हा शिक्का. त्या शिक्क्यानिशी या पट्ट्यात दुसऱ्या कुठल्या दवाखान्यानं त्यांना उभं केलं असतं? त्यांना नोकरीपेक्षा शिक्क्याचं जास्त लागलं होतं, हे मला फोनवरच कळलं.

मी गेलो. पहिल्यांदा त्यांचा फोन हातात घेतला. साधा अँड्रॉइड, काचेला एक तडा, बाकी अगदी नीट. त्यांना म्हटलं, तुम्ही नेहमी करता तसं करून दाखवा. माझ्या दुसऱ्या फोनवर त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि चालायला लागल्या. बोळीच्या कमानीपाशी चित्र गोठलं. त्यांनी लाल बटण दाबलं, वायफायची यादी उघडली, दुसरं नाव निवडलं, परत कॉल लावला.

"तुम्ही खरंच कापता की," मी म्हणालो.

"कापते तर. न्हाई कापलं तर नुसतं गोल गोल फिरून राह्यतं. मी कापून दुसरं वायफाय लावते म्हणून निदान जल्दी लागतो तरी. पुढं ड्रेसिंगच्या दारात परत तेच."

म्हणजे दुखण्यावर त्यांनी आपल्या परीनं जो उपाय काढला होता, तोच त्यांचा गुन्हा ठरला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मग मी ती यादी नीट पाहिली. पुढच्या खोलीतल्या डब्याला अध्यक्षांच्या वडलांचं नाव. बोळीतल्या डब्याला जिनिंगवाल्या शेठच्या आजोबांचं. ड्रेसिंगच्या खोलीतल्या डब्याला एका रिटायर हेडमास्तरांच्या पत्नीचं. इंग्रजी अक्षरांत, प्रत्येकाच्या आधी कैलासवासी. ज्यानं डबा दिला त्यानं आपल्या माणसाचं नाव घातलं आणि आपल्याच पसंतीचा पासवर्ड ठेवला. हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे. पण या हौसेचं मोल पायाला जखम असलेली माणसं मोजत होती.

गोष्ट तशी अवघड नाही. चालता चालता फोननं एका डब्याचा हात सोडून पुढच्याचा धरायचा असेल, तर दोन्ही डब्यांचं नाव एक पाहिजे, पासवर्ड एक पाहिजे, कुलपाची, म्हणजे सुरक्षेच्या सेटिंगची, तऱ्हा एक पाहिजे. मग फोनला वाटतं, हे एकच घर आहे, आपण फक्त या खोलीतून त्या खोलीत निघालोय. इथं त्याला तीन अनोळखी घरं दिसत होती. पहिल्या घरातला सिग्नल पार मरेपर्यंत तो तिथंच चिकटून बसायचा. मग दुसऱ्या घरात शिरून तिथला नवा पत्ता घ्यायचा, आणि जुन्या पत्त्यावर चाललेलं डॉक्टरांचं बोलणं वाऱ्यावर जायचं.

तरी मी खात्री करून घेतली. माझ्याकडे चाचणीसाठी एक जुना आयफोन आणि दुसऱ्या कंपनीचा अँड्रॉइड असतो, ते दोन्ही त्याच वाटेनं नेले. ऑफिसचा विंडोजचा लॅपटॉप औषधांच्या ट्रॉलीवर ठेवून ढकलत नेला. लॅपटॉप सगळ्यांत हट्टी. बोळी संपली तरी पुढच्या खोलीतल्या सिग्नलच्या एका काडीला लोंबकळत राहिला. आयफोननं कमानीच्या पुढं जरा दम धरला, मग कॉल टाकून मोकळा झाला. प्रत्येकाचे नखरे वेगळे, पण टिकला एकही नाही. फोन बदलून काही होणार नव्हतं. सिस्टरांना तसं सांगितलं, तेव्हा त्या हसल्या नाहीत की काही नाही. "हे तुम्ही साहेबांना सांगाल का?" एवढंच म्हणाल्या.

साहेब, म्हणजे अध्यक्ष, बी-बियाणांचे मोठे व्यापारी. पुढच्या खोलीतच आडोसा करून काढलेल्या ऑफिसात ते ज्या खुर्चीवर बसतात तिच्या बरोबर डोक्यावर वडलांच्या नावाचा डबा. हातात महागडा आयफोन. मी सांगायला लागलो तसा त्यांनी तो फोन माझ्यापुढे धरला.

"हे बघा. माझा कधी तुटतो का? फोन चांगला पाहिजे, आन् माणूस बी चांगला पाहिजे."

माझं रक्त तापलं. "तुम्ही खुर्चीवरून हलत नाही साहेब, म्हणून तुटत नाही," मी म्हणालो. असं एरवी गिऱ्हाइकाला बोलायचं नसतं. पण उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर शेळी लंगडली म्हणून गुराख्याला बोल लावायचा, हे मला सहन होत नाही.

मी उपाय सांगितला: तिन्ही डब्यांना एकच नाव. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे वडलांचं नाव काढायचं म्हणता."

"भिंतीवर पाटी लावू. सुंदर पितळी पाटी."

"भिंतीकडं कोण बघतं? फोन सगळे बघतेत. पावणारावळा आला, वायफाय लावायला गेला, की आधी वडलांचं नाव दिसतं." आणि मग त्यांना तोडगा सुचला. "तिन्हीला वडलांचंच ठेवा ना मंग. पहिला डबा आमचाच होता."

मी म्हटलं, हे शेठना सांगा. तर म्हणाले, शेठ ऐकायचे न्हाईत. बाहेर जाऊन शेठना मी फोन केला तर ते म्हणाले, एकच नाव ठेवायचं तर आजोबांचं ठेवा, गोडाऊन कुणाचं हाये? अर्धा दिवस मी हा पंचनामा ऐकत होतो आणि बाहेर सिस्टर कुणाच्या तरी टाचेला औषध लावत होत्या. माणसं मेल्यावर त्यांचं नाव राहावं असं लेकरांना वाटतं, यात वाईट काही नाही. पण नाव कशासाठी राहायचं? बापाच्या नावापाशी येऊन रोज पेशंटचा कॉल तुटतो, हे त्या बापाला आवडलं असतं का, एवढा साधा प्रश्न कुणी स्वतःला विचारत नव्हतं.

शेवटी मी म्हणालो, तिघंही एकदा माझ्यासमोर या. बुधवारी आले. हेडमास्तर काठी टेकत आले आणि कोपऱ्यात बसले. मी अध्यक्षांना म्हटलं, तुमचा फोन चांगला आहे ना, मग तुम्हीच चालून दाखवा. त्यांनी पुण्याला मुलीला व्हिडिओ कॉल लावला, ऐटीत उठले आणि बोळीकडे निघाले. मागून शेठ, मी, हेडमास्तर आणि दारात सिस्टर. कमानीपाशी मुलीचं तोंड अर्धवट उघडं राहून थांबलं.

"हॅलो. हॅलो. पुण्याकडूनच गेलं वाटतं."

"परत बघू," मी म्हणालो. मागं जाऊन पुन्हा निघाले. पुन्हा तिथंच. या वेळी त्यांनी दोन-तीनदा हॅलो केलं, वैतागले, आणि अंगठ्यानं लाल बटण दाबून परत नंबर लावायला लागले.

"साहेब," मी म्हणालो, "कॉल तुम्ही कापला."

त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. शेठ पत्र्याकडे बघायला लागले. सिस्टर दारातून हलल्या नाहीत.

पहिले बोलले ते हेडमास्तर. त्यांनी आपला फोन काढून यादी उघडली. "मी रोज सकाळी बीपी बघायच्या निमित्तानं येतो," ते म्हणाले. "त्या ड्रेसिंगच्या दाराजवळच्या बाकड्यावर बसतो आन् हे उघडतो. तिचं नाव दिसतं. भरल्या काड्यांचं. घरी आता कुणी तिचं नाव घेत न्हाई, सगळ्यांची ती आई न्हाईतर आजी. हितं नाव दिसतं." फोन बंद करत म्हणाले, "पण तिच्या नावापाशी येऊन कुणाच्या पायाचं बघायचं राहून जात असंल, तर काढा ते. तिला बिलकुल चाललं नसतं."

मला त्यांचाही राग आलेला होता, तो तिथंच गळून पडला. बाकीच्या दोघांना मग नाही म्हणायला तोंड उरलं नाही. शेठ म्हणाले, पाट्यांचा खर्चा मी करतो. अध्यक्ष म्हणाले, अक्षरं मोठी पाहिजेत.

दुपारपासून मी कामाला लागलो. तिन्ही डब्यांना गावाचं साधं नाव दिलं आणि चाचणीपुरता एक तात्पुरता पासवर्ड. फोनांना पत्ते वाटायचं काम एकाच डब्याकडे ठेवलं, बाकी दोघांचं बंद केलं, नाहीतर नाव एक आणि कारभारी तीन असं झालं असतं. तिघांना वायरनं जोडलं. तरी सिस्टरांचा फोन ड्रेसिंगच्या दारात अडखळलाच. शोधलं तर तिसऱ्या डब्याचं कुलूप जुन्या पद्धतीचं निघालं, त्यामुळे नाव तेच असूनही फोन त्याला परका समजत होता. ते बदललं. मग लक्षात आलं, पुढच्या डब्याच्या सिग्नलचा आवाजच इतका मोठा की अँड्रॉइड त्याला सोडायलाच तयार नाही. अध्यक्षांच्या डोक्यावरचा तो डबा जरा हळू केला. लॅपटॉपच्या आत जाऊन त्याला सांगावं लागलं की बाबा, चांगला सिग्नल दिसला की लवकर हल. आयफोन एवढ्यावर आपणहून शहाणा झाला. संध्याकाळी माझ्या घरी व्हिडिओ कॉल लावून, सगळी यंत्रं घेऊन सिस्टर आणि मी पुढून मागं, मागून पुढं चालत होतो, आणि कमानीखालून जाताना माझ्या घरच्यांचं बोलणं एकदाही तुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पहिलाच पेशंट एक म्हातारी मावशी, अंगठ्याला जखम. डॉक्टर पुढच्या खोलीत तिच्याशी बोलले, बोळीतही बोलत राहिले, आणि ड्रेसिंगच्या खोलीत पट्टी सुटली तेव्हा ते फोनमध्ये होते. जखम पाहून त्यांनी कॅमेरा आणखी जवळ घ्यायला सांगितला.

"मावशी, हे आधी का नाही दाखवलं?"

मावशी म्हणाली, "दर खेपेला आल्ते की मी." डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी संभाजीनगरला बोलावून घेतलं. पुढं कळलं, अंगठा गेला, पाय वाचला. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला अजूनही नुसता संताप येतो. तो अंगठा तीन नावांच्या मधल्या फटीत गेला.

गुरुवारचे सगळे पेशंट एकाही कॉलला धक्का न लागता पार पडले. चारच्या सुमाराला ऑफिसात चहा आला. अध्यक्ष खुशीत होते, शेठ होते, हेडमास्तर होते. अध्यक्षांनी सिस्टरांना आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर मोठ्या मनानं म्हणाले, "सिस्टर, झालं ते झालं. दोष कुणाचाच न्हाई, मशिनीची गोष्ट हाये. आम्ही तुम्हाला माफ केलं. गुरुवारचं काम तुमच्याकडंच राहील."

मी कप खाली ठेवला. माफ केलं? कुणी, कुणाला?

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "माफी कशाची, साहेब? मी चुकलेच न्हाई."

"तेच तर म्हणून राह्यलो."

"तसं न्हाई म्हणाले तुम्ही. माझी चूक नव्हती, येवढंच म्हणा. माफी नको मला."

अध्यक्ष हसले, चहाचा घोट घेतला आणि शेठशी कपाशीच्या भावाचं बोलायला लागले. सिस्टर तिथंच उभ्या राहिल्या. कुणी त्यांना बसा म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मला वाटलं आता आपण ओरडणार. पण ओरडून काय झालं असतं? मला रागीट म्हणाले असते आणि विषय संपला असता. माझ्यापुढे लॅपटॉप उघडा होता. तात्पुरता पासवर्ड काढून कायमचा घालायचा तेवढा राहिला होता. मी तो घातला. क्षणात खोलीतल्या सगळ्या फोनांवरून वायफाय उडालं.

"अहो, गेलं की," अध्यक्ष म्हणाले.

"पासवर्ड बदललाय. आता एकदाच टाकायचा, मग कायमचा."

"काय ठेवला?"

"चूक सिस्टरची नव्हती. इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान, मधे जागा न सोडता."

हेडमास्तरांनी चष्मा लावला आणि मुकाट टाकायला सुरुवात केली.

"हा काय पासवर्ड झाला का?" अध्यक्ष म्हणाले.

"लांब असलेला बरा असतो साहेब. कुणाला सहज फोडता येत नाही. तिन्ही डब्यांना हाच आहे. पावणारावळा आला तरी हाच सांगायचा."

त्यांनी शेठकडे पाहिलं. शेठ आपल्या फोनमध्ये मान घालून बसले होते. आत रेंज नव्हती आणि ऑफिसातून उठून उन्हात जायची अध्यक्षांची तयारी नव्हती. त्यांनी फोन जवळ धरला आणि एका बोटानं टाकायला लागले. मधेच अडकले.

"चूक झालं. पुढं काय?" त्यांनी कुणाकडेही न बघता विचारलं.

"सिस्टरची," सिस्टर म्हणाल्या.

"मंग?"

"नव्हती."

"नव्हती," अध्यक्ष म्हणाले, आणि शेवटचं अक्षर टाकलं.